लोखंडाखाली चुंबळ

मुज्जा, १९ जून १८६६

आजोबांची मोगरी कुठे आहे?

ते गेल्यापासून अकरा वर्षं ती दाराजवळच्या खुंटीला आहे. रविवारी मी प्रार्थनेला निघाले तेव्हा होती, परत आले तर नुसती खुंटी. मला वाटलं चोर शिरला. मग म्हटलं, चोराने खारवलेल्या माशांचं मडकं नेलं असतं, लाकडाचा ठोकळा कशाला नेईल? शेजारी फोस्काला विचारायला गेले तर ती म्हणते, "मोगरीचं काय घेऊन बसलीस ओर्सोला, तुझा नातूही गेला." सम्राटाच्या आरमारासाठी गोदीत बांधलेलं ते नवं लढाऊ जहाज ओढून नेलं तेव्हा तू त्याच्यावर उभा राहून टोपी हलवत होतास म्हणे. सारं गाव धक्क्यावर होतं. मग टोपी कोणाला हलवत होतास? मी तर देवळात होते.

असो. बास्त्यान, तुझ्या आजीचा, नोनाचा आशीर्वाद घे. रागावले आहे म्हणून आशीर्वाद कमी नाही, आणि आशीर्वाद दिला म्हणून राग कमी नाही.

त्या जहाजाचं काम पुरं झालेलं नाही हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक आहे. मागची डोलकाठी अर्धी आहे, खोल्यांना दारं नाहीत, स्वयंपाकाच्या चुलीला धुराडं नाही. तोफांचं तर विचारूच नको. प्रशियावाल्यांकडे नव्या तोफा मागवल्या आणि ऐन वेळी प्रशियाच आपल्यावर उठला. शत्रू कुठे तोफा पाठवतो का? मग कोठारातल्या जुन्या काढून चढवल्या, माझ्या लग्नात वाजवल्या असतील अशा. आणि आता समोरच्या किनाऱ्यावरून इटलीचा राजाही येणार म्हणतात. त्याची लोखंडी जहाजं बारा आणि आपली सात.

तरी खरं ते सांगते. या गावाने मार्चपासून जे केलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. आपली माणसं लाकूड तासणारी. लोखंड म्हणजे खिळा, एवढंच त्यांना माहीत. त्यांच्यापुढे मुठीएवढे जाड पत्रे आणून टाकले, एकेक पत्रा उचलायला सोळा माणसं, आणि सांगितलं की हे लाकडावर टांगा. टांगले. वर्षाचं उरलेलं काम तीन महिन्यांत. आम्ही अकरा बायकांनी जुने दोर पिंजून वाख काढला, डांबरात बुडवला आणि बोल्टांसाठी चुंबळी वळल्या, डोक्यावर हंडा घेताना घालतो तशाच, पण बांगडीहून लहान. माझी बोटं अजून काळी आहेत. पाद्रीबाबा म्हणाले, "ओर्सोला, हात धुऊन ये." मी म्हटलं, "बाबा, हा सम्राटाचा मळ आहे."

मोगरी परत आण. आणि कधी येणार ते लिही. पत्र नादालिनच्या होडीने पाठव, तो दर आठवड्याला दारू घेऊन तिकडे येतो. डाकेवर माझा विश्वास नाही.

नोना ओर्सोला

*

फाझाना, २३ जून

लाडके नोना,

मोगरी माझ्याजवळ आहे, सुखरूप आहे. रागावू नकोस. रविवारी अकरा वाजता मिस्त्री बोर्तोलो गोदीत आले आणि म्हणाले, जहाज आज जातंय, उरलेलं काम तिकडे नांगरावर करायचं, कोण येतं? एक वाजता दोर सुटले. तुला सांगायला आलो असतो तर तू नाही म्हणाली असतीस, आणि तू नाही म्हणालीस की मी थांबतो हे तुला माहीत आहे.

इथे सगळं आरमार नांगरून आहे. काय सांगू तुला! एका बाजूला गोलंदाज तोफा चालवायला शिकतात, दुसऱ्या बाजूला आम्ही दारं बसवतो. मी रंधा मारत असतो आणि माझ्या डोक्यावरून दारूगोळ्याच्या खोट्या पिशव्या जातात. "सुतार, खाली वाक!" असं दिवसातून शंभरदा ऐकतो. निम्मे लोक व्हेनिसचे, निम्मे दाल्मातियाच्या बेटांवरचे. माझ्या शेजारच्या तोफेवर येरोलिम नावाचा एक गोलंदाज आहे, कोळ्याचा मुलगा, अंगाने रेड्यासारखा. त्याच्या जुन्या तोफेला तो "माझी आत्या" म्हणतो. म्हणतो, म्हातारी आहे, पण थुंकते लांब.

लाकडी जहाजांची गंमत बघायला हवी होतीस. त्यांना पत्रे मिळाले नाहीत, तर त्यांनी कडांवरून नांगराच्या साखळ्या सोडल्या आहेत, वरपासून पाण्यापर्यंत. म्हातारीने सगळे दागिने एकदम घालावेत तशी दिसतात. पण कोणी हसत नाही.

काल एक मजा झाली. आपल्याच पत्र्याचा एक तुकडा, मागे आपलंच ओक लाकूड, बोल्ट आपणच आवळलेले, असा किनाऱ्यावर उभा केला आणि तोफ डागून पाहिली. गोळा वाटाण्यासारखा उडाला! पत्र्याला फक्त वाटीएवढा खळगा. सगळ्यांनी टोप्या उडवल्या. एवढंच झालं की मागच्या बाजूने एक नट सुटला आणि आचाऱ्याच्या तांब्याच्या पातेल्यातून आरपार गेला. आचाऱ्याने पातेलं मुद्दाम पत्र्याच्या मागे ठेवलं होतं, सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून! वालाचं सगळं सूप वाळूत. आता तो ओरडत फिरतोय की इटलीवाले अजून आले नाहीत, मुज्जावाल्यांनीच माझ्यावर हल्ला केला.

बोल्टांची काळजी करू नकोस. आम्ही पान्याला दोघे दोघे लटकून आवळले आहेत. केसही शिरणार नाही.

तुझा बास्त्यान

*

मुज्जा, २७ जून

मी हसले नाही.

फोस्काला वाचून दाखवलं, ती हसली. तिला दात नाहीत तरी हसते. मी पत्र परत वाचलं आणि लगेच हे लिहायला बसले.

माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. पातेलं जमिनीपासून किती उंच होतं? माणसाच्या पोटाएवढं, हो ना? तिथे पातेल्याऐवजी आचारी असता तर? दुसरं, तो बोल्ट तुटला कुठे, पत्र्याजवळ की नटाजवळ? तिसरं, वरच्या तोफांच्या मजल्यावर नटाखाली काय आहे? लोखंडाची चकती आणि लाकूड, एवढंच? की मध्ये वाखाची चुंबळही आहे? अंदाज नको. पाना घे, एक नट सोड आणि डोळ्यांनी बघ.

तुम्हा पोरांना वाटतं घट्ट म्हणजे मजबूत. पान्याला दोघे लटकलात म्हणून छाती फुगवता. विहिरीवरून हंडा आणणाऱ्या कोणत्याही बाईला विचार. हंडा नुसत्या डोक्यावर ठेवला तर पहिल्याच ठेचेला टाळू फुटते. मध्ये चुंबळ असते तेव्हा धक्का ती खाते. तुझ्या त्या बोल्टाच्या डोक्यावर पत्र्याचा हंडा आहे आणि त्याला ठेच लागणार आहे तोफेची.

आणखी एक. पत्रात तू सूप लिहिलंस, आत्या लिहिलीस, साखळ्या लिहिल्यास. परत कधी येणार ते कुठे आहे? मी शाळेत गेले नाही, पण पानावर काय नाही ते मला वाचता येतं.

सोबत सुके अंजीर पाठवते आहे. येरोलिमला दे चार. रेड्याला चार पुरायचे नाहीत, पण तेवढेच आहेत.

नोना

*

फाझाना, १ जुलै

नोना,

तू सांगितलंस तसं केलं. वरच्या मजल्यावरचे सहा नट सोडून पाहिले. चकती आणि लाकूड. चुंबळ नाही. पाण्याखाली सगळीकडे आहे, वर कुठेच नाही. मला आठवतं, एप्रिलमध्ये गोदीत सगळे म्हणत होते की पाण्याच्या वर वाख लागत नाही. पहिल्यांदा कोण म्हणालं ते आठवत नाही, पण पटलं सगळ्यांना, मलाही. वाख पाणी अडवायला असतो, आणि वर पाणी कुठलं?

पातेलं पोटाएवढंच उंच होतं आणि बोल्ट नटाजवळ तुटला होता. तुझ्या पत्रानंतर मी आचाऱ्याकडे पाहून हसू शकलो नाही.

मग मी येरोलिमला सांगितलं, त्याने त्याच्या नायकाला, आणि आम्ही तिघे एका तरुण अधिकाऱ्यापुढे उभे राहिलो. तो शहाणा निघाला. त्याच पत्र्यावर आणखी दोन गोळे टाकायची परवानगी दिली. मी जुन्या दोराच्या तीन चुंबळी वळल्या, तुझ्याइतक्या चांगल्या नाहीत, आणि तीन नटांखाली घातल्या. बाकीचे तीन होते तसेच ठेवले. पहिल्या गोळ्याला उघड्यापैकी एक नट उडाला. दुसऱ्याला आणखी एक, तो शंभर पावलांवर मातीत सापडला. चुंबळीवाले तिन्ही जागच्या जागी! काढून पाहिलं तर वाख दाबलेल्या अंजिरासारखा झाला होता. येरोलिमने ती चुंबळ हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाला, "ही कोणाची अक्कल?" मी म्हटलं, माझ्या आजीची. तो म्हणाला, "तिला आरमारात घ्या आणि तुम्ही घरी जा."

पण नोना, इथे वाख नाही. दोराचा तुकडा न् तुकडा साखळ्या बांधायला आणि डोलकाठ्यांना गेला. अधिकारी म्हणाला, "मी कागदावर काही लिहिणार नाही. वर विचारायला गेलो तर उत्तर ऑगस्टमध्ये येईल. पण कोणी नट सोडून परत आवळत असेल तर मी समुद्राकडे बघत उभा राहीन." तोफांच्या मजल्यावर दोन्ही बाजू मिळून सहाशे चाळीस नट आहेत. जमतील तितक्या पाठव.

आणि तू विचारलंस ते. मी परत येणार नाही, म्हणजे आत्ता नाही. २४ तारखेला जहाजाचा सुतार म्हणून माझं नाव घातलं. लढाईत पत्रा फुटला, भोक पडलं तर ठोकळे ठोकायला सुतार लागतोच, आणि हे जहाज मला जितकं माहीत आहे तितकं इथे कोणालाच नाही. माझी जागा मागच्या टोकाला, पंपाजवळ.

बास्त्यान

*

मुज्जा, ६ जुलै

नाव घातलंस. बरं. तुझ्या आजोबांनी माझ्याशी लग्न ठरवलं तेव्हाही मला सगळ्यात शेवटी सांगितलं होतं.

या पत्राबरोबर नादालिन तीनशे दहा चुंबळी आणतो आहे. मोजून घे. त्याने वाटेत एकही होडीला वापरली तर त्याच्या बायकोला सांग, ती बघेल.

आता ऐक, हे एकदाच सांगते. पाण्याच्या वर वाख लागत नाही असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते तुला आठवत नाही. मला आठवतं. मी म्हणाले.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. मिस्त्री बोर्तोलो आमच्या पडवीत आला, दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. म्हणाला, "ओर्सोला, उरलेल्या सगळ्या चुंबळी किती दिवसांत?"

"बारा."

"माझ्याकडे आठ आहेत. पत्रे येऊन पडलेत, ती सोळा माणसं नुसती उभी आहेत."

मी म्हटलं, "मग पाण्याखालच्या बोल्टांना घाल आणि वरच्या सोडून दे. वर काय पाणी चढून येणार आहे? वरच्या नटांना वाख म्हणजे घराच्या छपराला नांगर."

तो एवढा हसला! म्हणाला, "तुझ्या नवऱ्याऐवजी तूच मिस्त्री व्हायला हवी होतीस." चार दिवस वाचवले म्हणून मी आठवडाभर गावात मिरवले. चाळीस वर्षं मी वाख वळला तो पाण्यासाठी. माझ्या डोक्यात जहाजाचा शत्रू एकच, पाणी. जहाजावर कोणी गोळे मारणार आहे, म्हणूनच तर ते लोखंड चढवतोय, हे आम्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही. मागच्या पत्रात तुला विचारलं तेव्हा मला उत्तर ठाऊक होतं. तरी विचारलं. वाटलं, कोणीतरी माझं ऐकलं नसेल. या गावात माझं एरवी कोणी ऐकत नाही, नेमकं त्या दिवशी ऐकलं.

रडत बसले नाही. रडण्याने वाख भिजतो.

दोर मात्र मिळेना. गोदीतला सगळा मे महिन्यातच उचलून नेला होता. मग मी घरोघर गेले. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणल्या. कोळ्यांनी फाटकी जाळी दिली. मिठागरावरच्या बायकांनी गाढवांची दावी सोडून दिली, आता गाढवं गावभर फिरतात आणि पाद्रीबाबांची कोबी खातात. पाद्रीबाबा तक्रार घेऊन आले, तर मी घंटेचा दोर मागितला. म्हणाले, "मग घंटा कशी वाजवू?" म्हटलं, "वर चढून, हाताने. तेवढंच देवाच्या जवळ जाल." दिला! मोठा दोर आहे, त्यातून बासष्ट निघाल्या. फोस्का, जिच्याशी मी पावसाच्या पन्हळीवरून सहा वर्षं बोलत नव्हते आणि या जहाजाच्या कामापासून बोलावं लागतं, ती सकाळी सगळ्यांच्या आधी येते आणि सगळ्यांच्या नंतर जाते. तिच्या चुंबळी माझ्यापेक्षा घट्ट होतात. हे तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

आता हुकूम. पहिल्या चुंबळी तुझ्या जागेवर घालायच्या, पंपाजवळ. मग बाकीच्या. मला कोणी स्वार्थी म्हटलं तरी चालेल, मी म्हातारी आहे, माझी अब्रू वापरून झाली. चूक माझी होती, ती तुझ्या अंगावर यायला नको. तुझी जागा पहिली. कळलं?

उरलेल्या पुढच्या फेरीला. सगळ्या जमतील असं नाही, गावात आता बांधायला दोरी उरलेली नाही.

नोना

*

फाझाना, १६ जुलै

नोना,

दुसरा गठ्ठाही पोचला. नादालिनने एकही चोरली नाही, उलट होडीच्या सुकाणूचा दोर सोडून त्यातून दोन वळून आणल्या. म्हणाला, "तुझ्या आजीने माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःलाच वाटलं मी चोरणार आहे."

इथे काय चाललंय ते तू पाहायला हवं होतंस. गोलंदाज स्वतःच पाना घेऊन बसतात. एकेक नट सोडायचा, चकती सरकवायची, चुंबळ घालायची, परत आवळायचा. दोघांनी लटकायचं नाही, एकानेच, आणि मनगटाने, असा मी नियम केला आहे. कवायत संपली की सगळा मजला कुरकुरत असतो. चुंबळींना इथे "नोनाची बिस्किटं" म्हणतात. येरोलिमने एक गळ्यात घातली आहे, क्रुसाच्या शेजारी. तरुण अधिकारी समुद्राकडे बघत येरझाऱ्या घालतो आणि हळूच विचारतो, "डावी बाजू किती झाली?"

हे जहाज नोना, अर्धवट असलं तरी मला त्याचा अभिमान वाटतो. एकही गोष्ट ठरवली तशी झाली नाही. ठरवलेल्या तोफा नाहीत, ठरवलेली काठी नाही, आणि नटाखाली पाद्रीबाबांच्या घंटेचा दोर. तरी ते तरंगतं, चालतं. काल वाफ भरून फिरवलं तर वळणावर असं झुकलं की येरोलिमची आत्या हसली असं तो म्हणतो.

चुंबळी पुरल्या. तुझ्या हुकुमाप्रमाणे माझी जागा पहिली केली. आता काळजी नको.

बास्त्यान

*

पोला, २३ जुलै

आजी, तुम्ही मला ओळखत नाही. मी येरोलिम, पाचव्या तोफेचा. तुमचे चार अंजीर मी खाल्ले होते. मला लिहायची सवय नाही, चुकलं तर माफ करा.

बास्त्यान जिवंत आहे. हे पहिल्यांदा लिही असं त्याने सांगितलं. दुसरं असं सांगितलं की उजवा हात थोडा सुजला आहे म्हणून मी पत्र लिहितो असं लिही. पण आजी, ज्या बाईच्या दोराने मी जिवंत आहे तिला मी खोटं लिहू शकत नाही.

शुक्रवारी लिसा बेटाजवळ लढाई झाली. धूर इतका होता की मला माझी आत्या दिसत नव्हती, हाताने चाचपून भरत होतो. शत्रूची नवी तोफ आपल्यापेक्षा जड होती. आम्हाला सांगितलं होतं की तोफा कमी पडल्या तर जहाजाचं नाकच तोफ समजा आणि घुसा. आपल्या आरमारातल्या एका जहाजाने तसंच केलं आणि शत्रूचं मोठं लोखंडी जहाज मी श्वास दोनदा घ्यायच्या आत गेलं. शेकडो माणसं होती त्याच्यावर. ओरडत होती ती आमच्यासारख्याच बोलीत. ते मी विसरणार नाही, पण ते आता नको.

आमच्यावर नऊ गोळे बसले. मी नंतर मोजले. तोफांच्या मजल्यावर सात. माझ्या डोक्यामागे एक बसला, तेव्हा वाटलं आकाश कोसळलं. लाकूड फाटलं, धूळ, पण नट जागच्या जागी. वाख बाहेर आला होता, जीभ काढल्यासारखा. मी त्याला चुंबन दिलं, लोक हसले. सातही ठिकाणी तसंच. एकही नट उडाला नाही आजी. त्या बाजूला आम्ही अठ्ठेचाळीस माणसं होतो.

दोन गोळे मागच्या टोकाला बसले. तिथे चुंबळी नव्हत्या. तुमच्या चुंबळी सहाशे तेरा झाल्या, सत्तावीस कमी पडल्या. दुसरा गठ्ठा मोजला त्याच दिवशी बास्त्यानने खडूने खूण केली होती, पंपाजवळचे सत्तावीस. म्हणाला, "इथे मी एकटा असतो, तुमच्या तोफेवर सात जण आहेत." मी म्हटलं, "तुझ्या आजीचा हुकूम आहे ना?" तर म्हणतो, "तिला दिसतंय का इथून?"

एक नट तुळईत घुसला. दुसरा त्याच्या हातातून गेला. तो तेव्हा भोकात ठोकळा ठोकत होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची. तरी त्याने डाव्या हाताने ठोकळा ठोकून बसवला आणि मगच खाली बसला. पाणी आत आलं नाही. मोगरीचा दांडा मोडला. डोकं शाबूत आहे. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा मोगरी विचारली, हात नाही. वैद्य म्हणतात ताप नाही, जखम स्वच्छ आहे.

तो आता रागाने माझ्याकडे बघतोय, मी जास्त लिहितोय म्हणून.

येरोलिम

*

मुज्जा, २८ जुलै

मला इथून दिसतं. तुला काय वाटलं, डोंगर आड आला की माझे डोळे गेले? "चुंबळी पुरल्या, माझी जागा पहिली केली." तुझ्या अक्षरात एवढी सरळ ओळ मी पूर्वी कधी पाहिली नव्हती, तेव्हाच समजायला हवं होतं. खरं लिहितोस तेव्हा तुझ्या ओळी वाकड्या जातात.

येरोलिमचं पत्र मी पडवीत सगळ्यांना वाचून दाखवलं. सातही ठिकाणी एकही नट उडाला नाही, हे वाचलं तेव्हा सगळ्या बायकांनी आपापली काळी बोटं बघितली. मग फोस्का म्हणाली, "माझ्या असतील त्या." मी म्हटलं, "असतील." सहा वर्षांत तिच्याशी एवढं गोड मी बोलले नव्हते. ती घाबरून घरी गेली. पाद्रीबाबा वर चढले आणि हाताने घंटा वाजवली. घंटेला दोर नाही म्हणून वाजली ती कशीतरीच, पण सगळ्यांना कळलं. नंतर त्यांनी त्या बुडालेल्यांसाठीही वाजवली. मीच सांगितलं. त्यांच्याही कुठल्यातरी पडवीत कोणीतरी वाख वळत असेल.

लढाई कोणी जिंकली, ते लोक मोजत बसतील. कोणता दर्यासारंग, कोणतं जहाज. मी एवढंच मोजते. त्या बाजूला अठ्ठेचाळीस माणसं घरी येणार आहेत. माझ्या तोंडातून गेलेल्या एका वाक्याने ती मेली असती, आणि गाढवांच्या दाव्यांनी वाचली. तुझी दोन बोटं गेली ती त्या वाक्याचीच उरलेली किंमत. ती मी द्यायला हवी होती, तू दिलीस. याबद्दल मी तुला माफ करणार नाही, आणि याच्याइतकं शहाणं काम आपल्या घरात आजवर कोणी केलेलं नाही. तुझ्या आजोबांनीही हेच केलं असतं. त्यांनाही मी महिनाभर शिव्या दिल्या असत्या.

मोगरीचा दांडा बसवू नकोस. इथे आण. अंगणातल्या ऑलिव्हची एक फांदी मी काढून सावलीत वाळत ठेवली आहे, डाव्या हाताच्या मुठीला बसेल अशी. घाई नाही, लाकूड नीट वाळू दे. घाईत काय होतं ते पाहिलं आपण.

येरोलिमला सांग, यावर्षीचे अंजीर पिकले की टोपली येईल, चार नव्हे. आणि नटाचं चुंबन घेणाऱ्या मुलाला लवकर बायको शोधा म्हणावं.

आता उत्तर. ते येरोलिमने लिहायचं नाही. वैद्याने नाही, त्या समुद्राकडे बघणाऱ्या अधिकाऱ्यानेही नाही. तू लिहायचं, बास्त्यान, स्वतः, डाव्या हाताने. अक्षरं पडली, लोळली, उलटी झाली तरी चालतील. मी कुठे शाळेत गेले आहे? नादालिन तिकडून गुरुवारी परत निघतो. त्याच्या आधी लिही.